चक्कीचा आवाज

रामटेकेबाबू एका वेळी किलोभरच गहू दळायला न्यायचे. घरात ते एकटे. पाच किलो एकदम दळून आणले असते तर महिना आरामात निघाला असता, पण मग महिनाभर तुळसाबाईंच्या चक्कीवर जायला निमित्त उरलं नसतं. म्हणून दर पाच-सहा दिवसांनी स्टीलचा छोटा डबा पिशवीत घालून ते समोरच्या ओळीतल्या तिसऱ्या घराकडे निघायचे. तिथे टिनाच्या शेडखाली तुळसाबाई सतरा वर्षांपासून चक्की चालवत होत्या. पट्ट्याच्या फटफटीत एकमेकांचं ऐकू यावं म्हणून दोघंही मोठ्याने बोलायचे. भाजी काय केली, अनिशचा फोन आला का, या वर्षीची ज्वारी कशी निघाली. डबा भरला की बाई वरून पिठाचा हात फिरवून झाकण लावायच्या आणि म्हणायच्या, "या भाऊ." किलोभर दळणावर त्या कधी काही बोलल्या नाहीत. त्यांना कळलं नसेल असं नाही.

सक्करदऱ्याच्या मागच्या या लेआउटमध्ये, प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीत, नागसेन रामटेके राहायला आले त्याला अकरा वर्षं झाली होती. त्याआधी एकतीस वर्षं ते कन्हानकडच्या एका कोळसा खाणीत काटाघरात होते. भरलेला ट्रक आला की वजन, रिकामा परत आला की वजन, दोन्ही रजिस्टरमध्ये, वेळेसकट. धमक्या आल्या, मिठाईचे डबे आले. आकडा त्यांनी कधी बदलला नाही. खाणीत त्यांना सगळे काटाबाबू म्हणायचे आणि त्या नावाचा त्यांना अभिमान होता. निवृत्तीनंतर घर बांधलं, फाटकाला निळा रंग दिला, आत बुद्धाची मूर्ती बसवली. सात वर्षं दोघांची बरी गेली. मग बायको, कौसल्या, गेली. मुलगा अनिश हैदराबादला, त्याचा फोन रविवारी सकाळी. बाकीच्या दिवसांत दुपारी कधी ठसका लागला की आपला आवाज अजून शाबूत आहे, एवढं त्यांना कळायचं.

लेआउटच्या मैदानात कडुनिंबाखाली एक सिमेंटचा ओटा आहे. संध्याकाळी ऊन उतरलं की तिथे सहा-सात निवृत्त माणसं बसतात. मधोमध मनोहरराव, शाळेचे माजी मुख्याध्यापक; बोलणं मोजकं, सगळे त्यांचं ऐकणारे. त्यांच्या शेजारी जितेंद्र, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, गडगडून हसणारा. अकरा वर्षं रामटेकेबाबू त्या ओट्यासमोरून रोज जात होते. नमस्कार-चमत्कार व्हायचा. 'बसा' कोणी म्हणालं नव्हतं. का म्हणालं नव्हतं, हे कोणी बोलून दाखवलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.

गेल्या फेब्रुवारीत एका संध्याकाळी मनोहररावांनी हाक मारली. "रामटेके, एकटेच फिरून राहिले तुम्ही. या, बसा इकडे."

जितेंद्रने सरकून जागा केली. कोणीतरी थर्मासातला चहा कपात ओतून हातात दिला. त्या दिवशी घरी आल्यावर रामटेकेबाबूंनी बऱ्याच दिवसांनी भाजीला फोडणी नीट दिली.

मिरचीचा विषय निघाला तो पंधरा दिवसांनी. तुळसाबाईंनी नुकतंच मिरची दळायचं मशीन घेतलं होतं. उन्हाळ्याच्या तोंडाशी वर्षभराचं तिखट करायला बाया रांग लावायच्या, आणि वारा फिरला की ओट्यावर सगळे शिंकायला लागायचे. त्या संध्याकाळी जे बोलणं झालं ते रामटेकेबाबूंना पुढे शब्दाशब्दाने आठवत राहिलं, कारण त्यात कोणाचंच काही वावगं नव्हतं. मनोहरराव म्हणाले, बाईंनी शेडला ओलं पोतं लावलं तरी पुरे. जितेंद्र म्हणाला, मिरची तेवढी सकाळी दळावी, आपण फिरायला येतो तेव्हा नको. रामटेकेबाबू म्हणाले, बाई समजदार आहेत, उद्या सांगतो.

त्यांनी सांगितलं. बाईंना वाईट वाटलं नाही, उलट ओशाळल्या. "मले तर समजलंच नाही भाऊ. आमच्या नाकाले सवय झाली न." त्यांनी लगेच पोती टांगली, आणि बाबूंकडूनच एका पुठ्ठ्यावर लिहून घेतलं: 'मिरची सकाळी ७ ते ९'. बाबूंचं अक्षर रजिस्टरमुळे घोटलेलं, छापल्यासारखं. पुठ्ठा शेडच्या खांबाला लागला.

इथे खरं तर गोष्ट संपायला हवी होती.

ओट्यावर त्यांनी सांगितलं की काम झालं. सगळ्यांनी बरं म्हटलं, आणि थोडा वेळ कोणाजवळ बोलायला काही उरलं नाही. मग कोणीतरी म्हणालं, मिरचीचं ठीक आहे, पण चक्कीचा आवाज काही कमी नाही. दुसऱ्याला आठवलं की परवा दुपारी त्याची झोप मोडली होती. तिसऱ्याला दळण घेऊन येणाऱ्यांच्या गाड्या आठवल्या, फाटकासमोर आडव्या लावतात म्हणून. दुसऱ्या दिवशी पहिल्याने आणखी एक गोष्ट आणली. हळूहळू असं झालं की जो काही नवं घेऊन येई त्याच्याकडे सगळे वळून बसत, आणि 'आज तर आवाज कमीच होता' असं जो म्हणे त्याचं वाक्य तसंच हवेत राहून जाई. एकदा ते वाक्य रामटेकेबाबूंचं होतं. परत त्यांनी ते म्हटलं नाही.

उलट एका संध्याकाळी त्यांनी स्वतःहून सुचवलं की आपण नोंद ठेवू. नुसतं बोलून काय होतं. कधी सुरू झाली, कधी बंद झाली, लिहून ठेवलं तर कोणी नाही म्हणणार नाही.

"वा," मनोहरराव म्हणाले. "हे कामाचं बोलले तुम्ही. काटाबाबूची नोंद म्हणजे पक्की नोंद."

काटाबाबू. अकरा वर्षांत लेआउटमध्ये पहिल्यांदा कोणी त्यांना त्या नावाने हाक मारली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोनशे पानी वही आणली, पट्टीने तीन रकाने आखले: सुरू, बंद, शेरा. समोरच्या खोलीतली खुर्ची खिडकीपाशी ओढली, कूलरचा पंखा हळू केला आणि कान देऊन बसले.

ज्याने वर्षानुवर्षं ट्रकांच्या घरघरीत बसून डबा खाल्ला, त्याला पिठाच्या चक्कीचा त्रास कधी झाला नव्हता. उलट दुपारी ती सुरू झाली की घरात कोणीतरी जागं असल्यासारखं वाटायचं. पण आता ते वाट पाहत बसू लागले. पट्टा फिरला की पेन उचलायचं. दोन आठवड्यांत तो आवाज भिंतीतून यायला लागला, महिन्याभरात छातीत. हे त्यांनी उगाच म्हटलं नाही. त्यांना खरंच तसं होत होतं. डोकं दुखायचं. संध्याकाळी ते वही काखेत मारून ओट्यावर जात, मनोहरराव म्हणत, हां, काय म्हणते आजचा रिपोर्ट, आणि ते वाचून दाखवत. मे महिन्यात वाचताना त्यांचा आवाज चढू लागला. त्यांच्यामुळे दुसऱ्यांचा चढे, दुसऱ्यांमुळे त्यांचा. दुपारी दोन ते चार बंद ठेवा, असं सुरुवातीला मागायचं ठरत होतं. मग, संध्याकाळीही नको. मग, निवासी लेआउटमध्ये धंदा मुळात चालतोच कसा. जूनच्या सुरुवातीला जितेंद्र म्हणाला की बाई मुद्दाम आपल्या झोपेच्या वेळेला सुरू करते, आणि सगळ्यांना ते आपणही पाहिल्यासारखं वाटलं.

त्याच दिवशी कोणीतरी विचारलं, एकदा बाईंशी बोलून पाहायचं का? क्षणभर सगळे रामटेकेबाबूंकडे पाहू लागले, कारण बोलणारे तेच.

"काही उपयोग नाही," ते म्हणाले. "ही बाई ऐकणाऱ्यातली नाही."

त्यांना कोणी तसं म्हणायला लावलं नव्हतं. बाईंनी टांगलेली पोती तिथून दिसत होती. पण ओट्यावर सगळ्या माना हलल्या, जितेंद्रने त्यांच्या पाठीवर थाप मारली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आपण कुठेतरी बसलो आहोत असं त्यांना वाटलं. घरी जाताना पाय हलके होते.

चक्कीवर जाणं त्यांनी बंदच केलं. दुकानातलं पिशवीचं पीठ आणायला लागले. तुळसाबाईंनी एकदा रस्त्यात विचारलं, "भाऊ, दळण नाही आणलं बऱ्याच दिवसांत? तब्येत बरी आहे न?" अनिशने तयार पीठ पाठवलं, असं त्यांनी सांगून टाकलं. बाई म्हणाल्या, बरं केलं पोराने.

जुलैमध्ये महानगरपालिकेच्या ऑफिसात द्यायचा अर्ज तयार झाला. मजकूर मनोहररावांचा: चक्की कायमची बंद करावी. सोबत पुरावा म्हणून वहीच्या छायाप्रती. पहिली सही कोणी करायची ते ठरेना, तेव्हा रामटेकेबाबूंनी पेन घेतलं. त्यांच्याखाली ओट्यावरच्यांच्या आणि शेजारपाजारच्यांच्या मिळून अकरा सह्या झाल्या.

पाऊस लांबला होता. एका उकाड्याच्या दुपारी त्यांच्या निळ्या फाटकाची कडी वाजली. बाहेर तुळसाबाई, हातात कागदांचा जुडगा, डोक्यावरचा पदर पिठाने पांढरा.

"भाऊ, हे वाचून देता का?" त्या म्हणाल्या. "ऑफिसातून माणूस येऊन देऊन गेला. मराठीच आहे, पण मले समजून नाही राहिलं. तुम्ही सरकारी कागद पाहिलेले आहेत म्हणून तुमच्याकडेच आली."

त्यांनी आत बोलावलं. पाणी दिलं. नोटीस वाचली, अगदी सगळी, कारण मधे थांबता येईना. निवासी भागात विनापरवाना चक्की, आठ दिवसांत बंद करावी, नाहीतर वीजजोडणी तोडण्यात येईल. बाई ऐकत होत्या आणि नोटिशीला जोडलेला एकेक कागद उलटत होत्या. वाचता येत होतं त्यांना, सावकाश, बोट ठेवून. चौथ्या कागदावर बोट थांबलं.

"हे तुमचं अक्षर होय न, भाऊ?"

बाबूंनी हातातली नोटीस खाली ठेवली.

"पुठ्ठ्यावर आहे न, तसंच आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी आणखी दोन पानं पाहिली. शेरा या रकान्यातला एक शब्द बोटाखाली धरून तो काय आहे असं विचारलं. तो शब्द 'असह्य' होता. बाबूंनी तो वाचून दाखवला. बाईंनी मान हलवली, कागदांची घडी केली, पाण्याचा ग्लास उचलून स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला आणि निघून गेल्या. जाताना फाटकाची कडी त्यांनी लावून घेतली होती, नेहमीसारखी.

आठव्या दिवशी एक छोटा टेम्पो आला. चक्की, मिरचीचं मशीन, पिंप, सगळं त्यात चढलं. बाई कन्हानला भावाकडे गेल्या. घराला कुलूप लागलं.

ओट्यावर दोन दिवस आनंद होता, मनोहररावांनी समोसे मागवले. तिसऱ्या दिवशी जरा सुनंसुनं वाटलं. चौथ्या दिवशी नाक्यावरच्या भाजीच्या ठेल्याचा विषय निघाला.

रामटेकेबाबू त्या संध्याकाळी ओट्यावरून लवकर उठले. घरी दुपारची शांतता आता संध्याकाळीही तशीच असायची, आणि ती त्यांना सहन होईना. सवयीने त्यांनी वही उघडली. पहिल्या पानापासून वाचत गेले, तेव्हा एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. मार्चच्या शेवटी चक्की दिवसाला साडेपाच-सहा तास चाललेली होती. शेरा: 'साधारण'. मेमध्ये चार तास, शेरा: 'त्रासदायक'. जुलैत, जेव्हा ओट्यावरच्या घरांनी आणि त्यांच्या सांगण्यावरून आणखी पंधरा-वीस घरांनी दळण बंद केलं होतं, तेव्हा पावणेतीन तास, कधी अडीच. दुपारी दोन ते चार तर जवळजवळ रोजच बंद. शेरा: 'असह्य', 'असह्य', 'असह्य'.

आकडे त्यांनी बदलले नव्हते. सेकंदाचाही खोटेपणा नव्हता. संध्याकाळी ओट्यावर हेच आकडे ते मोठ्याने वाचत होते आणि एकाही माणसाने ते ऐकले नव्हते, त्यांनी स्वतःसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या केंद्रावर जितेंद्र एकटा भेटला. बाबूंनी त्याला तिथेच बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. जितेंद्र हसला नाही. पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाला, "खरं सांगू का गा रामटेके, मले तर फक्त मिरची सकाळी पाहिजे होती. बंद करा असं माझ्या मनात नव्हतं. कसं झालं काय माहीत. आमच्या घरी आता बायको तिकडे चौकात जाते दळायला, रोज मले बोलते."

मग आज ओट्यावर बोलू, बाबू म्हणाले. दोघं मिळून सांगू. काही नाही तर बाईंची माफी तरी मागू. जितेंद्र हो म्हणाला, आणि ते मनापासूनच असावं.

संध्याकाळी बाबूंनी वही उघडून मार्च आणि जुलै वाचून दाखवले. आपल्याला जेवढा वाटला तेवढा आवाज नव्हता, ते म्हणाले, माझं चुकलं, आणि आपण सगळ्यांनी मिळून ऑफिसात तसं लिहून द्यावं. मनोहरराव चष्मा पुसत होते. मग कोणीतरी म्हणालं, नोंद तर तुमचीच होती, तेव्हा खोटी होती की आता खोटी आहे? दुसरा म्हणाला, पहिली सहीपण तुमचीच. तिसऱ्याला आठवलं की रामटेके आधी बाईंकडे रोजच जात होते. तो एवढंच म्हणाला, पुढचं वाक्य म्हटलं नाही. पण ते सगळ्यांना ऐकू आलं. बाबूंनी जितेंद्रकडे पाहिलं. जितेंद्र मैदानाकडे पाहत होता. मग तो वळला, आणि सगळ्यात जोरात तोच बोलला. म्हणाला की लेआउटच्या भल्यासाठी आपण एक काम केलं, त्यात आतल्याच माणसाने फाटे फोडायचे असतील तर त्याने यावंच कशाला.

माना हलल्या. त्या माना कशा हलतात, त्या वेळी आत कसं उबदार वाटतं, हे बाबूंना चांगलं ठाऊक होतं. त्यामुळे त्यांना जितेंद्रचा राग आला नाही. वही मिटून ते उठले. थर्मास त्यांच्या पायाशी होता, तो त्यांनी उचलून बाजूला ठेवला, कोणाचा पाय लागू नये म्हणून.

त्यांनी एकट्याने ऑफिसला पत्र लिहिलं. महिन्याने उत्तर आलं की प्रकरण निकाली निघाले आहे.

दसऱ्याच्या आधी एका सकाळी ते बस धरून कन्हानला गेले. पुलावरून नदी लागली, पलीकडे ट्रकांची ओळ. खाणीसाठी ते ज्या थांब्यावर उतरायचे तो मागे गेला. विचारत विचारत भावाचं घर सापडलं. तुळसाबाई अंगणात तांदूळ निवडत बसल्या होत्या; एका शाळेत पोषण आहार शिजवायचं काम त्यांना मिळालं होतं. पिठाशिवाय त्या वेगळ्याच दिसत होत्या, केस पिकलेले होते हे पहिल्यांदा कळलं. भाऊ कामावर गेला होता. त्यांनी खुर्ची दिली, चहा ठेवला.

बाबूंनी बसमध्ये बरंच काही जुळवलं होतं. तोंडून निघालं ते एवढंच, "आवाज तेवढा नव्हता, बाई."

"मले माहीत आहे न," त्या म्हणाल्या. "माझ्याच घरात होता तो."

चहा पिऊन होईपर्यंत त्या तांदूळ निवडत राहिल्या. मग हात थांबवून म्हणाल्या, "तुम्ही एकटे आले असते न भाऊ, तर मी दुपारची बंद ठेवली असती. समदी बंद करा म्हटलं असतं तरी ऐकलं असतं कदाचित. एकट्या माणसाचं ऐकावं वाटते. तुम्ही बारा जण कागदावर आले."

बाबूंनी रिकामा कप खुर्चीखाली ठेवला.

"आता परत नका येऊ," बाई म्हणाल्या, आवाज न चढवता. "माझ्या भावाले मी कोणाचंच नाव सांगितलं नाही. तोही संध्याकाळी पाच-सहा जणांत बसते. एकाले राग आला की समद्यांले येते. मले ते पाहिजे नाही."

त्या फाटकापर्यंत आल्या नाहीत. बाबू बसस्टँडवर तासभर बसून राहिले, दोन बस गेल्या तरी.

तुळसाबाईंच्या घरात आता भाडेकरू आहेत, शेड काढून तिथे त्यांनी गाडी लावली आहे. रामटेकेबाबू मैदानाच्या बाजूने जात नाहीत. संध्याकाळी ते लांबच्या वाटेने तलावाकडे जातात. तिथे काठावरच्या बाकांवर वेगवेगळ्या वस्त्यांतली म्हातारी माणसं बसलेली असतात. रोज दिसणाऱ्या माणसाला ती ओळखू लागतात. परवा त्यातल्या एकाने हात वर करून हाक दिली, "या काका, बसा न, जागा आहे."

बाबू थांबले. बाकाच्या टोकाला खरंच एका माणसापुरती जागा होती. बोलणारा कशाबद्दल तरी सांगत होता आणि बाकीचे हं हं करत होते. त्यांनी हात जोडले, पाय मोकळे करतो म्हणाले, आणि पुढे गेले. तिथून चाळीसेक पावलांवर दगडी कठडा आहे. ते त्यावर बसले. एवढ्या अंतरावरून शब्द कळत नव्हते. नुसती माणसं बोलत असल्याचं ऐकू येत होतं, मधेच कोणाचं तरी हसणं. दिवे लागेपर्यंत ते तिथेच ऐकत बसले.